शालिकरामचं मीठ

आमच्या घरात मीठ खायची परवानगी एकट्यालाच होती, आणि तो मासा होता. हे वाक्य मी पहिल्यांदा शेजारच्या श्रीधरला ऐकवलं तेव्हा त्याला वाटलं, मी विनोद करतोय. तो हसला. शेजाऱ्यांचं हे असंच असतं. दुसऱ्याच्या घरातली परिस्थिती त्यांना कायम विनोदी वाटते.

परिस्थिती अशी होती, की माझी बायको प्रेमलता हिचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी मशीनवर दाखवलं तेव्हा ते भरताच्या वांग्यासारखं फुगलेलं दिसलं. ते नीट पंप करत नाही, म्हणून अंगात पाणी साचतं, पाय सुजतात, आणि फार साचलं की श्वास लागतो. "मीठ म्हणजे विष समजा," डॉक्टर म्हणाले. "मीठ पोटात गेलं की पाणी साचणार. ते फुप्फुसात चढलं तर मग माझ्याही हातात काही राहत नाही." मी तिथल्या तिथे, डॉक्टरांच्या समोर, जाहीर केलं की आजपासून मीसुद्धा अळणी खाणार. बाजारात भाव चढवून सांगणाऱ्या माणसाकडे प्रेमलता जशी पाहते, तशी तिनं माझ्याकडे पाहिलं.

घरी आल्यावर मी मिठाची बरणी, लोणचं, पापड, सांडगे, चिवड्याचा डबा, सगळं उचलून जिजाबाईंकडे नेऊन ठेवलं. जिजाबाई आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. सत्तरी उलटलेली आहे आणि जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर त्यांच्याजवळ तुरटी आहे. स्वयंपाक मीच करत होतो, त्यामुळे अळणी वरण, अळणी भाजी, अळणी पोळी असा कारभार सुरू झाला. बाकी मी रोज सकाळी फिरायला जात होतो, आणि फिरणं चौकातल्या ठेल्याशी संपत होतं, आणि ठेल्यावर तिखट रस्सा ओतलेले तर्री-पोहे मिळत होते, हा भाग वेगळा. माझी प्रतिज्ञा घरातल्या जेवणापुरती होती. फिरणं हे व्यायामात मोडतं, असं माझं मत होतं.

आता माशाचं सांगतो. आमची मुलगी भूमिका नोकरीसाठी हैदराबादला गेली, तेव्हा हॉलमध्ये एक काचेची टाकी आणि त्यात एक मासा ठेवून गेली. जाताना म्हणाली, "बाबा, आईले करमणूक होईल." अंगठ्याएवढा हिरवा मासा, पाठीवर काळे ठिपके, पोट पांढरं, दोन डोळे दोन दिशांना फिरणारे. राग आला की टम्म फुगायचा. प्रेमलतानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव शालिकराम ठेवलं. शालिकराम म्हणजे माझे काटोलचे सख्खे काका. लग्नाकार्यात मान मिळाला नाही की ते असेच तोंड मिटून फुगून बसायचे, आणि एका डोळ्यानं पंगतीकडे लक्ष ठेवायचे. मला हे नाव मुळीच आवडलं नव्हतं, पण साम्य एवढं होतं की वाद घालायला जागा नव्हती.

प्रेमलताला चार पावलं चाललं तरी धाप लागत होती. ती सकाळपासून टाकीसमोरच्या खुर्चीत बसायची. तिला पाणीसुद्धा मोजून होतं आणि तो दिवसभर पाण्यात. "मी अन् हा, दोघंही फुगून राहिलो," ती म्हणायची. ती त्याच्याशी बोलायची, माझ्या तक्रारी त्याला सांगायची. मी स्वयंपाकघरातून ऐकत असायचो. मला सांगण्यासारखं ती त्याला सांगते, याचं वाईट वाटायचं, पण निदान ती बोलत होती. नाहीतर भूमिका गेल्यापासून घरात टीव्हीच बोलायचा.

मग शालिकराम आजारी पडला. पोट करडं झालं, खाणं सुटलं, कोपऱ्यात तोंड करून बसायला लागला. प्रेमलताही दोन दिवस नीट जेवली नाही. मी बंटीच्या दुकानात गेलो. बंटी चाळिशीतला, आडव्या बांध्याचा, कानात वायर घालून गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस. भूमिकानं मासा त्याच्याकडूनच घेतला होता.

"काका, हा गोड्या पाण्यातला नाहीच," तो म्हणाला. "लहान असते तोवर गोडं चालून जाते त्याले. मोठा झाला का खारं लागते. नाही भेटलं तर मरते, पण लगेच नाही, हळूहळू."

"मग विकताना काहून नाही सांगितलं?"

"ताईनं विचारलं नाही ना."

उपाय असा होता, की दर रविवारी टाकीतलं थोडं पाणी काढायचं आणि तेवढंच समुद्री मीठ मिसळलेलं पाणी घालायचं. मीठ दर आठवड्याला जरा जरा चढवायचं. एकदम चढवलं तर झटका बसून मासा जातो, चढवलंच नाही तरी जातो. बंटीनं मिठाची थैली माझ्या हातात दिली.

इथे माझ्या मानाचा प्रश्न आला. मी उभी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात पाण्याच्या प्लांटवर काढली. बॉयलरला जे पाणी जातं त्यात मिठाचा कण चालत नाही, नाहीतर टर्बाइनच्या पात्यांवर थर बसतो. ते मीठ काढायचं माझं काम. वाडीच्या, खापरखेड्याच्या ट्रकवाल्यांपर्यंत सगळे मला 'पाणीवाले घोरमाडे' म्हणून ओळखायचे. ज्या माणसानं आयुष्यभर पाण्यातून मीठ काढलं, त्याला आता एक मासा पाण्यात मीठ घालायला लावत होता. शिवाय ज्या घरातून मी मिठाची बरणी बाहेर काढली होती, त्याच घरात थैली घेऊन शिरत होतो. पण प्रेमलता दारातच उभी होती. म्हणाली, "भेटलं का औषध त्याचं?" मी थैली वर करून दाखवली.

काम मी कोराडीच्या शिस्तीनं सुरू केलं. रविवारी मीठ घातलं, की लगेच पुढच्या रविवारची मात्रा काट्यावर तोलून स्टीलच्या डब्यात भरायची, झाकण लावायचं आणि डबा टाकीच्या स्टँडखाली ठेवायचा. थैली कपाटात. रविवार आला की डबा सरळ बादलीत उपडा. परत तोलायचं नाही. एकदा मी तोललेलं परत तोलणं म्हणजे स्वतःवरच संशय घेणं, आणि तशी सवय मला लागलेली नाही.

पहिल्या रविवारनंतर शालिकरामनं खाल्लं. दुसऱ्या रविवारनंतर टाकीतली झाडं सडली. त्यानंतर शेवाळ आलं. आधी काचेवर हिरवी लव, मग खडीवर, मग फिल्टरच्या नळीवर दाढीसारखं. जुन्या एटीएम कार्डानं मी काच खरवडली, दुसऱ्या दिवशी परत हिरवी. पाण्याला गाळलेल्या पालकाच्या सूपचा रंग आला. मासा कुठे आहे हे पाहायला प्रेमलताला काचेला नाक लावावं लागायचं.

आमच्या लेआउटमधल्या घराघरांत बातमी पसरली. जिजाबाई तुरटी घेऊन आल्या. "फिरवा पाण्यात, खाली बसून जाईल सारं," म्हणाल्या. मासाही खाली बसेल, असं मी म्हणालो, तर त्या रुसल्या. श्रीधर बँकेतून निवृत्त झालेला आहे, त्यामुळे त्याला प्रत्येक विषयात मत आहे. तो म्हणाला, "मी कूलरच्या टाकीत ब्लीचिंग टाकतो गा. एका दिवसात कोरी."

"कूलरमध्ये मासा नसते."

"मग मासा थोडा वेळ काढून ठेव ना बाजूले."

माझा चेहरा पाहून त्यानं दुसरा उपाय काढला. त्याच्या अंगणातल्या कमळाच्या कुंडीत गोगलगायी होत्या, त्या शेवाळ खातात. त्यानं निवडून निवडून पिशवीत भरून आणल्या आणि स्वतःच्या हातानं टाकीत सोडल्या. शालिकराम कोपऱ्यातून निघाला. त्या जातीच्या माशाला चोचीसारखे दात असतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. हिरव्या पाण्यात काही दिसत नव्हतं, पण सुपारी कातरल्याचा आवाज येत होता. प्रेमलता हसायला लागली. कितीतरी महिन्यांनी हसली, आणि हसता हसता तिला असा श्वास लागला की मी उशा लावून तिला बसवलं. श्रीधर मात्र दाराशी उभा राहून म्हणाला, "मी पाळल्या होत्या त्या." पुढे बरेच दिवस तो आमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करत होता.

खरा घोटाळा वेगळाच होता. माझ्या हिशेबानं पाण्यात जेवढा खारेपणा यायला हवा होता, तेवढा खारेपणा मोजायच्या मीटरवर येत नव्हता. दर रविवारी कमी. मी मीटर बदलला. नवा मीटरही तेच बोलला. मग माझी खात्री झाली, की बंटी मिठात काहीतरी मिसळतो. मी थैली घेऊन त्याच्या दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला सुनावलं, की कोराडीत मी असले नमुने नाकावर टिच्चून परत पाठवत होतो. बंटीनं कानातली वायर काढली. माझ्याच थैलीतलं मीठ घेऊन पाण्यात मिसळलं आणि माझ्याच मीटरनं मोजून दाखवलं. अगदी बरोबर होतं.

"काका, मीठ बरोबर आहे, तुमचं घालणं कमी पडून राहिलं," तो म्हणाला. "जुनं शेवाळ खाऱ्यात मरून राहिलं, त्याच्या खतावर नवं येऊन राहिलं. पाणी एकदा खारं होऊन ठरलं का हे बसते. पण तुमचं पाणी ठरूनच नाही राहिलं. घरी तोलते कोण?"

"मी," मी म्हणालो.

त्यानं वायर परत कानात घातली. मला त्याचा फार राग आला. घरी येईपर्यंत मी ठरवलं, की पावसाळी हवेत मीठ ओल धरतं, दोष हवेचा. मग मात्रा थोडी वाढवून तोलली. मीटर तरी कमीच.

त्याच सुमारास प्रेमलताचे पाय जास्त सुजायला लागले. चपलेचा पट्टा लागेना. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नडगीवर बोट दाबलं, खळगा पडला तो तसाच राहिला.

"मीठ?" त्यांनी विचारलं.

"घरात मीठच नाही, डॉक्टर," मी छाती पुढे काढून म्हणालो. "आहे ते माशाचं." डॉक्टर हसले. प्रेमलता भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहत होती. लघवीची गोळी वाढवून मिळाली.

बंटीनं शेवाळावर शेवटचा उपाय सांगितला, तो म्हणजे अंधार. दिवा बंद, टाकी कापडानं गच्च झाकायची, आत उजेडाचा कण नको. मी प्रेमलताची जुनी लाल साडी टाकीवर चारही बाजूंनी गुंडाळली. जिजाबाई वाटीभर साखर मागायला आल्या, त्यांनी दारातूनच हात जोडले. यंदा आमच्याकडे कोणती स्थापना आहे, असं विचारलं. मी सांगितलं, शालिकरामची. त्या पुन्हा नमस्कार करून गेल्या. प्रेमलता मात्र त्या साडीसमोर तशीच बसून राहायची. "दिसत नाही तर करमत नाही," म्हणायची. साडीचा काठ जरासा उचलून पाहायची आणि मी आलो की सोडायची.

अशातच डासांच्या अळ्या तपासणाऱ्या दोघी बाया आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात बॅटरी. त्यांनी कूलर पाहिला, कुंड्या पाहिल्या, आणि मोठीनं साडी उचलून टाकीवर बॅटरी मारली.

"काका, हे हिरवं साचलेलं पाणी कोणतं हो?"

"मासा आहे त्यात."

"दिसत नाही."

"शेवाळामुळे दिसत नाही. शेवाळ जावं म्हणून झाकलं आहे."

तिच्या कागदावर टाकी, कूलर, कुंडी, टायर आणि भंगार एवढेच रकाने होते. दोघींनी बराच वेळ विचार करून मला भंगारात घातलं. कोराडीत साहेबलोक माझ्या पाण्याच्या नमुन्यावर डोळे मिटून सही करायचे, असं मी सांगून पाहिलं. धाकटी म्हणाली, "असेल ना काका, पण इथं अळ्या होईन." तिच्याजवळच्या पिशवीत गप्पी मासे होते, अळ्या खाणारे. नको नको म्हणेपर्यंत तिनं ओंजळभर सोडले. पाणी जरा ढवळलं, मग स्वस्थ झालं. शालिकरामला पोटभर सरकारी जेवण मिळालं. मोठीनं कागदावर 'मासे सोडले' असं लिहून माझी सही घेतली. मी प्रेमलताकडे पाहिलं, हसली असेल म्हणून. ती हसली नव्हती. खुर्चीत मागे टेकून तोंडानं श्वास घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फिरून आलो तर ती पलंगावर उठून बसली होती, ओठ निळे, छातीत घुर्रघुर्र आवाज. तिला बोलता येत नव्हतं. श्रीधरनं रुसवा विसरून गाडी काढली. दवाखान्यात तिच्या तोंडाला मास्क लावला, शिरेत औषध दिलं, आणि तिच्या अंगातलं पाणी पिशवीत उतरायला लागलं. मी त्या पिशवीकडे पाहत बसलो. आयुष्यभर पाणी पाहण्याचंच काम केलं, पण त्या पाण्याची मला भीती वाटली.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "घोरमाडे, एवढं पाणी मिठाशिवाय साचत नाही. कुठून तरी जातंय."

दोन दिवसांनी मास्क निघाला. दवाखान्याची अळणी खिचडी समोर होती, ती चमच्यानं नुसती चाळवत होती. मी विचारलं, मीठ कुठून?

"तुमच्या डब्यातून," ती म्हणाली.

"कोणत्या डब्यातून?"

"टाकीखालच्या. तुम्ही फिरायले गेले का घेत होती. वरणावर, भाजीवर. पुडी करून उशीखाली ठेवत होती."

मी खिचडीचं ताट बाजूला सरकवलं. मग मी ओरडलो. ते माशाचं मीठ आहे, त्यात काय काय घातलेलं असते, माणसानं खायचं नसते, मरायचं आहे का तुले, असं बरंच काही बोललो. नर्स येऊन बघून गेली. प्रेमलता शांतपणे ऐकत होती.

"चव चांगली होती," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "तुमच्या मिशीले रोज तर्री लागून येते. वासही येते. मी बोलली का कधी? तुम्ही बाहेर खाऊन येता. तो घरात खाते. मी एकटीनं काहून अळणी राहायचं?"

मी मिशीवर हात फिरवला. त्या दिवशी तर मी काहीच खाल्लं नव्हतं, तरी फिरवला. माझा हिशेब का चुकत होता ते मला कळलं होतं. एकदा जरी डबा परत तोलला असता तरी पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. मी सगळ्यांवर संशय घेतला, बंटीवर, मीटरवर, हवेवर, आणि चमचा चमचा विष माझ्याच हातानं तोलून, झाकण लावून, तिच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर ठेवत राहिलो. मला रडू आलं. ती म्हणाली, "आता पाणी नका काढू अजून. आधीच लय काढलं."

घरी आणल्यावर मी पहिलं काम केलं, थैली आणि डबा जिजाबाईंकडे पोचवला. मासा बंटीला परत देतो म्हणालो, तर प्रेमलता म्हणाली, "तो गेला तर मी कोणाशी बोलू?" म्हणून रविवारी मी जिजाबाईंच्या ओट्यावर बसून मीठ तोलायचो, परत तोलायचो, आणि मिसळलेली बादली उचलून आणायचो. सकाळचं फिरणं बंद केलं. दोघं सोबत बसून अळणी जेवायला लागलो. ते किती वाईट लागतं हे मला खऱ्या अर्थानं तेव्हा समजलं.

मीटर हिशेबाला येऊन मिळाला. पाणी ठरलं. शेवाळ पांढरं पडून सुटायला लागलं, काच एकदा पुसली ती पुन्हा हिरवी झाली नाही. आरपार दिसू लागलं. शालिकराम हिरव्याचा पिवळाधमक झालेला, पोट पांढरंशुभ्र, काचेशी येऊन तिच्या बोटामागे फिरायचा. श्रीधर पाहायला आला आणि म्हणाला, माझ्या गोगलगायींचा गुण आहे. मी हो म्हणालो. प्रेमलता मात्र बोटही फार वेळ वर धरू शकत नव्हती. घास दोन घास खाऊन ताट सरकवायची.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तिला वजन करायला नर्ससोबत बाहेर पाठवलं.

"आता पथ्य फार कडक ठेवू नका," ते मला म्हणाले. "औषधं चालू द्या. पण त्यांना जेवण जात नाही. दोन घास आवडीचे जाऊ द्या. थोडं मीठ घाला."

"तुम्हीच विष म्हणाले होते."

"हो," त्यांनी फाइल बंद केली. "तेव्हा म्हणालो होतो."

कोराडीत वीजनिर्मितीचा एक जुना संच कायमचा बंद करायचं वरती ठरलं, तेव्हा मला कोणी कळवलं नव्हतं. एवढंच झालं, की त्याच्या पाण्याचे नमुने तपासायला यायचे थांबले. मी फोन करून विचारलं होतं, नमुना काहून नाही आला? पलीकडचा माणूस म्हणाला होता, "आता नाही लागत, घोरमाडे."

मी तिला घरी आणून खुर्चीत बसवलं आणि जिजाबाईंकडे गेलो. त्यांनी सवयीनं माशाची थैली काढली.

"ते नाही," मी म्हणालो. "आमची बरणी."

जिजाबाईंनी थैली परत ठेवली. मग आत जाऊन बरणी आणली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. त्यांनी कोणताही उपाय सांगितला नाही.

वरण उकळत होतं. मीठ किती घालायचं हे मला ठाऊक नव्हतं. काटा काढला, परत ठेवून दिला. बोटांत आलं तेवढं घातलं. ताट तिच्या मांडीवर दिलं, माझं घेऊन शेजारी बसलो. तिनं पहिला घास तोंडात घातला आणि थांबली. चावेना, गिळेना. हळूच माझ्याकडे पाहिलं.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"थोडं चालते म्हणाले."

ती टाकीकडे वळली. शालिकराम काचेला तोंड लावून आमच्याकडे पाहत होता. तिनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि घास गिळला.

"बरं," ती म्हणाली. "मग तुम्हीही घ्या."

मी माझ्या भातावर तेच वरण वाढून घेतलं. दोघं जेवायला लागलो.

"जास्त झालं," ती म्हणाली. "तुम्हाले अंदाजच नाही." आणि वाटी बोटानं पुसून तिनं सगळं वरण संपवलं.